थौंग न्युंतची दुपारपाळी

सगाइंगहून अमरापूरला कामाला जायचं म्हणजे इरावतीवरचा लोखंडी पूल ओलांडावा लागे. मधून रेल्वेचे रूळ आणि दोन्ही बाजूंना एकेक अरुंद रस्ता. त्या रस्त्यावर थांबायची मनाई होती. दोन्ही टोकांना बंदूकवाले शिपाई उभे असत आणि मध्येच कोणी पाय टेकला की शिट्टी वाजे. मोटारवाल्यांना त्याचं काही वाटत नसे. सायकलवाला मात्र एकदा पुलावर चढला की काही झालं तरी पलीकडे पोचायलाच हवा. मागे ट्रक, पुढे बैलगाडी, एका हाताला कठडा आणि दुसऱ्या हाताला तापलेलं लोखंड. उन्हाळ्यात भर दुपारी त्या कठड्याला चुकून कोपर लागलं तर फोड येई.

माझा शेजारी थौंग न्युंत हा पूल रोज भर दुपारी ओलांडत असे. मी त्याच्या मागे असायचो. तो तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, मी त्याच्याहून वीसेक वर्षांनी लहान. आता मी त्याच्या त्या वयाच्याही बराच पुढे आलो आहे. त्याच्याबद्दल लिहावं की नाही हे ठरत नव्हतं, कारण त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही घडलंच नाही. त्याला कामाची पाळी बदलून हवी होती, एवढंच. पण ती मागणं त्याला जमत नव्हतं, आणि न मागता राहिला तर तो त्या पुलावर मरेल असं आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

आम्ही दोघं अमरापूरला ऊ बो टिन यांच्या रंगाच्या कारखान्यात होतो. रेशमी लुंग्या विणणारे जे माग आहेत, त्यांना लागणारं सूत तिथे रंगवलं जाई. दुसरीकडे ओल्या सुताला रंग देतात. ऊ बो टिनच्या वडिलांपासून आमच्याकडे मात्र कोरडंच सूत हंडीत सोडायची रीत. त्यामुळे दोन टोळ्या. सकाळची टोळी पहाटे येऊन सूत धुवायची, बांबूंवर वाळत घालायची आणि ऊन चढायच्या आत घरी जायची. सूत वाळेपर्यंत दुपार होई. मग आमची टोळी येऊन हंड्या पेटवायची. म्हणजे उन्हातून यायचं आणि आगीपाशी उभं राहायचं.

थौंग न्युंत दुपारच्या टोळीत कसा आला, हे त्यानंच मला सांगितलं होतं. त्याच्या तरुणपणी सगाइंगला आग लागली. आमच्याकडे बांबूची घरं, उन्हाळ्यात एक पेटलं की आळीच्या आळी जाते. त्याचं घर गेलं, सासऱ्याचं गेलं. तेव्हा ऊ बो टिनच्या वडिलांनी त्याला बोलावून काम दिलं, घर उभारायला बांबूच्या चटया दिल्या, तांदूळ दिला. वर विचारलं, "सध्या दुपारचीच जागा आहे. जमेल ना?" आता एवढं दिलेल्या माणसाला 'सकाळची नाही का' असं कोण विचारणार? हा म्हणाला, "जमेल." ते 'सध्या' तसंच राहिलं. म्हातारे वारले, मुलगा मालक झाला. थौंग न्युंतची दाढ पडली, केस पांढरे झाले. सकाळच्या टोळीत किती माणसं आली आणि गेली. याला कोणी पुन्हा विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्या लोकांत ती घरचीच मुलगी आहे. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं काही बोलायचं नाही. त्यापेक्षा आपण अवघडून बसायचं.

मी सांगतोय त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तो पुलावर पडला. मी पाठीमागेच होतो. त्याची सायकल आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि तो सायकलसकट कठड्याला टेकून हळूहळू खाली बसला. मी उतरलो. शिपायाची शिट्टी सुरू झाली. मागचा ट्रक भोंगा वाजवू लागला. थौंग न्युंतच्या अंगाला हात लावला तर घामाचा थेंब नाही, कातडं नुसतं कोरडं आणि गरम. शिट्टी वाजवत आलेल्या शिपायानं त्याचं तोंड पाहिलं, शिट्टी थांबवली आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. शुद्धीवर आल्यावर हा पहिलं वाक्य काय म्हणाला? "तुम्हाला उगाच त्रास झाला."

आळीतल्या वैद्यानं त्याच्या बायकोला सांगून ठेवलं की एकदा उठला, पुढच्या वेळी उठेल असं नाही. त्याच्या डोक्याची ऊन सोसायची ताकद संपली.

त्याची बायको दॉ म्या यी दारात बसून चिरूट वळायची. गालांवर थनखाचा, म्हणजे उगाळलेल्या सालीचा, जाड लेप, मांडीवर सुपासारखा ट्रे आणि जिभेला सुट्टी नाही. पुढच्या वर्षी उन्हाळा लागला तशी ती रोज आम्ही निघताना सुरू करायची.

"को न्युंत, तोंडात जीभ आहे की मी वळलेलं चिरूट?"

"बोलतो, बोलतो."

"कधी? प्रेतयात्रेत? तिथे बोलायची पद्धत नाही म्हणतात." मग माझ्याकडे वळून, "आणि तू रे, मागे मागे सायकल काय घेऊन जातोस? त्याला उचलून आणायला?"

मी म्हणायचो, "दॉ म्या यी, मी विचारतो ना मालकांना."

तेवढं ऐकलं की थौंग न्युंत घाबरायचा. "नको, नको. तू विचारलंस म्हणजे मीच तुला पाठवलं असं होईल. मालकांना वाटेल, याला आपली एवढी भीती वाटते का. त्यांना वाईट वाटेल." त्यानं माझ्याकडून पॅगोड्यासमोर तसं वचनच घेतलं होतं. दॉ म्या यीकडूनही घेतलं होतं. आपल्या सुटकेच्या सगळ्या वाटा त्यानं स्वतःच्या हातानं बंद केल्या होत्या.

आणि त्याच उन्हाळ्यात जागा रिकामी होणार असं कळलं. सकाळच्या टोळीतला ऊ म्यत म्हातारा झाला होता. थिंज्यान, म्हणजे आमचा वर्षअखेरचा पाण्याचा सण झाला की तो मुलीकडे राहायला जाणार होता. आमच्या कारखान्यात एवढ्या वर्षांत सकाळची जागा रिकामी झाली की ती सणानंतर भरायची पद्धत. म्हणजे सणाच्या आत मालकांच्या कानावर घातलं पाहिजे.

थौंग न्युंतनं मनावर घेतलं. एका दुपारी वाटेतल्या चिंचेखाली आम्ही पाणी प्यायला थांबलो. तिथे कोणा पुण्यवंतानं वाटसरूंसाठी मडकी ठेवलेली होती. पाणी पिऊन झाल्यावर तो मला म्हणाला, "तू मालक हो. मी विचारून बघतो."

मी मडक्यांशेजारच्या ओट्यावर मांडी घालून बसलो, पोट पुढे काढलं. "काय थौंग न्युंत, काय काम काढलंस?"

"साया, एक विचारायचं होतं."

"विचार की."

तो बराच वेळ हात चोळत उभा राहिला. "आपली तब्येत कशी आहे?"

"अरे, असं नाही! पाळीचं विचार."

"हो. पण आधी तब्येत विचारायला नको? एकदम काय मागायचं?"

"बरं. तब्येत उत्तम आहे. पुढे?"

"मग वहिनीसाहेबांची?"

मी मडक्यातलं पाणी त्याच्या अंगावर उडवलं. तो हसला, पण सायकलवर बसताना म्हणाला, "तुझ्यासमोर एवढं होतं. त्यांच्यासमोर काय होईल?"

तरी तो गेला. सणाच्या आधी मालकांचा वाढदिवस यायचा. त्या दिवशी ते भिक्षूंना जेवण देत, कामगारांनाही जेवू घालत आणि त्यांचं मन मऊ असे. तो दिवस थौंग न्युंतनं धरला. दॉ म्या यीनं त्याची चांगली लुंगी काढली, त्याच्या गालांना स्वतः थनखा लावला, जसं काही लग्नाला निघालाय. मला म्हणाली, "तोंड उघडेपर्यंत याचा हात सोडू नकोस."

वाटेत त्यानं मला ती वाक्यं तीन-चारदा म्हणून दाखवली. पुलावरसुद्धा पुटपुटत होता. त्या दिवशी तब्येतीचा भाग त्यानं गाळला होता. मला खरंच वाटलं, आज होणार.

अंगणात भिक्षूंचं जेवण झालं होतं. मालक, त्यांची बायको, सगळे कामगार चटयांवर बसले होते. ऊ बो टिन मनानं फार मोठा माणूस, आवाजही मोठा. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि ओरडले, "हा आला बघा! त्याचीच वाट बघत होतो. थौंग न्युंत, इकडे ये, पुढे ये."

थौंग न्युंत पुढे गेला. मी बघितलं, त्याचे ओठ हलत होते. "साया, एक विचा..."

"बस आधी! मग बोल." मालकांनी त्याला खांद्याला धरून बसवलं आणि सगळ्यांकडे वळले. "या माणसाकडे बघा. माझ्या वडिलांनी याला कामाला घेतलं. तेव्हापासून सगाइंगहून, पुलावरून, भर उन्हात येतो. एक दिवस उशीर नाही, एक दिवस तक्रार नाही. आणि कशावर येतो? ती त्याची सायकल बघितलीत? चेन खडखडते, सीटचा काथ्या बाहेर आलाय. मला लाज वाटली. आज माझ्या वाढदिवसाचं दान मी याला देणार."

आणि आतून त्यांच्या पोरांनी एक नवीकोरी चिनी सायकल ढकलत आणली. हिरवी, चाकांवरचा कागदही काढलेला नाही. घंटी, दिवा, मागे कॅरियर. कामगारांत एकच आवाज उठला. मालकीणबाईंनी पितळी भांड्यातून थेंब थेंब पाणी सोडलं, दानाचं पुण्य सगळ्यांना वाटून दिलं, आणि आम्ही सगळे हात जोडून म्हणालो, "साधू, साधू, साधू."

मालक म्हणाले, "आता दुपारचा रस्ता निम्मा होईल तुझा! काय?"

थौंग न्युंत सायकलकडे बघत होता. एखाद्याला भर रस्त्यात हत्ती बक्षीस द्यावा तसा त्याचा चेहरा झाला होता. त्यानं तीनदा वाकून नमस्कार केला.

"हां, तू काही विचारत होतास?"

"आपली तब्येत कशी आहे, साया?" थौंग न्युंत म्हणाला.

सगळे हसले. मालक सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्यांचे डोळे पाणावले होते. मी मात्र मान खाली घालून बसलो.

त्या दिवशी दॉ म्या यी दारातच उभी होती. हिरवी सायकल पाहून तिला आधी आनंद झाला, मग एका क्षणात सगळं समजलं. तिनं सायकलच्या घंटीवर बोट मारलं. ट्रिंग.

"ही कशासाठी दिली?"

"दुपारी यायला."

"म्हणजे आता मरेपर्यंत दुपारी जायचं."

"चांगल्या मनानं दिलीय गं."

"तेच म्हणते मी. वाईट मनानं दिली असती तर फेकून देता आली असती."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. नवी सायकल जुनीपेक्षा जड होती. पुलाच्या चढावर तिला रेटताना त्याच्या मानेची शीर फुगायची. जुनी काढावी तर मालक विचारणार, सायकल आवडली नाही का? मालक रोज फाटकात उभे राहून त्याला येताना बघत आणि खूश होत. "कशी पळते?" "छान पळते, साया." सकाळच्या जागेसाठी ऊ म्यतच्या भाच्याचं नाव ऐकू येऊ लागलं. थौंग न्युंत बोलेनासा झाला. पुलावर चढण्याआधी तो सायकल उभी करून पलीकडचं टोक बघत राहायचा. मी म्हणायचो, चल. तो म्हणायचा, "हो, चल. दुसरं काय."

सणाच्या चार दिवसांत कारखाना बंद. आमच्याकडे त्या दिवसांत पुरुष मठात जाऊन काही दिवस चिवर घालतात, भिक्षू होऊन राहतात. त्या वर्षी दॉ म्या यी म्हणाली, "निदान तेवढे दिवस तरी सावलीत बसा." मलाही तिनं त्याच्याबरोबर पाठवलं. आमची डोकी भादरली, पिवळी चिवरं दिली, नावं दिली. त्याचं नाव ऊ नंदिय. आमच्याकडे जन्मवारावरून नावाचं पहिलं अक्षर ठरतं, आणि हा शनिवारचा.

नंदिय हा थौंग न्युंतपेक्षा फार सुखी माणूस होता. सकाळी अनवाणी भिक्षेला जायचं, दुपारच्या आत जेवायचं आणि मग सागवानी फरशीवर, चिंचेच्या सावलीत बसून राहायचं. भिक्षूनं सायकल चालवायची नसते. बाहेर पोरं एकमेकांवर बादल्यांनी पाणी उडवत ओरडत, आणि हा भिंतीला टेकून डोळे मिटून बसे. एकदा मी हळूच विचारलं, "झोप लागली?" तो म्हणाला, "नाही. दुपार ऐकतोय. इतक्या वर्षांत बसून ऐकलीच नव्हती."

नव्या वर्षाच्या दिवशी ऊ बो टिन सहकुटुंब मठात आले. सगाइंगच्या टेकडीवर दान करायला सगळेच येतात. सयाडोंच्या, म्हणजे आमच्या मठाधिपतींच्या पुढे त्यांनी तांदूळ, तेल, साबण, चटया ठेवल्या. मग त्यांची नजर ओळीत शेवटी बसलेल्या आम्हा दोघांवर गेली. क्षणभर त्यांनी ओळखलंच नाही. ओळखल्यावर ते गडबडीनं आमच्यासमोर आले, गुडघे टेकले, कपाळ फरशीला लावून तीनदा नमस्कार केला. रोज ज्यांच्यापुढे हा वाकायचा ते आज याच्यापुढे वाकले होते. तशीच रीत आहे. चिवर घातलं की राजाही वाकतो.

"फार आनंद झाला, ऊझिन," मालक म्हणाले. भिक्षूला आम्ही असंच म्हणतो. "आपल्याला इथे काही कमी पडत असेल तर या शिष्याला सांगावं. औषध, छत्री, चपला, काहीही. संकोच करू नये."

इथे एक सांगायला हवं. भिक्षूनं आपण होऊन कोणाकडे काही मागायचं नसतं. पण दायकानं, दान देणाऱ्यानं, असं हात जोडून विचारलं की मागायला मोकळीक मिळते. नेहमी यावर भिक्षू 'काही नको, दायका, सुखी राहा' असं म्हणतो आणि विषय संपतो.

ऊ नंदियनं ताडाचा पंखा तोंडासमोर धरला होता. मालक हात जोडून थांबले. त्यांची बायको थांबली. पंख्याच्या कडेनं मला त्याचे ओठ दिसत होते. त्या दिवशी पुलावर हलत होते तसे हलत होते.

"दायका," तो म्हणाला, "तुमच्या कारखान्यात थौंग न्युंत नावाचा एक माणूस आहे."

मालकांनी मान वर केली. "आहे... होय, ऊझिन. आहे."

"त्याला दुपारचं ऊन सोसत नाही. मागच्या वर्षी तो पुलावर पडला. ऊ म्यतची सकाळची जागा रिकामी होतेय. ती त्याला मिळाली तर बरं होईल."

"पण तो कधी बोलला नाही, ऊझिन!"

"त्याला भीड वाटते."

"माझी?"

"तुमची. तुमच्या वडिलांची. आता त्या सायकलचीसुद्धा."

मला हसू आवरेना म्हणून मी माझा पंखा तोंडावर ओढला. मालक मात्र हसले नाहीत. त्यांचे हात जोडलेलेच होते, चेहरा लाल झाला होता. ते हळू म्हणाले, "दिली, ऊझिन. कारखाना उघडेल त्या दिवसापासून सकाळची जागा त्याची." पुन्हा तीनदा नमस्कार करून ते गेले.

सयाडो इतका वेळ डोळे मिटून बसले होते. आम्हाला वाटलं होतं, झोपलेत. "नंदिय," ते डोळे न उघडताच म्हणाले, "हा थौंग न्युंत तुझा कोण?"

"ओळखीचा आहे, भन्ते."

"बरा माणूस वाटतो. जरा मूर्ख आहे."

"होय, भन्ते."

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण चिवर उतरवलं आणि नंदियबरोबर त्याचं धैर्यही गेलं. कारखाना उघडायच्या दिवशी दॉ म्या यीनं त्याला पहाटे उठवलं. भिंती बांबूच्या, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"उठा. सकाळची पाळी."

"मी कसा जाऊ? मी मागितली नाही."

"मग कोणी मागितली?"

"नंदियनं. भिक्षूला दिलेली वस्तू मी घेतली तर चोरी होईल. चिवर घालून मी आपलं काम साधून घेतलं असं होईल."

"मग नंदियला उठवा! कोणीतरी उठा एकदाचे!"

भांडं आपटल्याचा आवाज आला. मग ती रडत होती असं वाटलं. तिला रडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तो उठला नाही. ऊन चढल्यावर, रोजच्या वेळी, बांबूची टोपी घालून तो हिरवी सायकल घेऊन बाहेर आला. माझ्याकडे बघितलं नाही. "चल," म्हणाला.

इतके दिवस सावलीत राहिल्यावर ते ऊन अंगावर पडलं तेव्हा माझ्यासारख्या तरुणालाही भोवळ आली. रस्त्याचं डांबर चाकाला चिकटत होतं. चिंचेखाली मडकी कोरडी होती. सणानंतर भरायची राहिली असावीत. पुलाच्या तोंडाशी मी म्हटलं, "थोडं थांबू या." तो म्हणाला, "थांबलो तर जाणार नाही." आणि चढला.

अर्ध्या पुलावर त्याची सायकल पुन्हा तशी जायला लागली. थोडी डावीकडे, मग थोडी उजवीकडे. मागे ट्रक होता. मी ओरडत होतो, "सरळ! को थौंग न्युंत, सरळ बघ!" त्याला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. मी माझं पुढचं चाक त्याच्या कॅरियरला जवळजवळ टेकवून चालवत होतो, म्हणजे पडला तर माझ्यावर पडेल. खाली नदी आटून वाळू झाली होती आणि तिच्यावरून भट्टीसारखी झळ वर येत होती. पूल कधी संपला हे मला कळलं नाही. तो उतारावर पायडल न मारता नुसता बसून राहिला होता.

फाटकात मालक उभे होते. पहाटेपासून वाट बघून त्यांचा पारा चढलेला. पण याचं तोंड पाहिलं आणि त्यांनी आधी त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं, ओल्या पंच्यानं त्याचं भादरलेलं डोकं स्वतः पुसलं. मग बोलले.

"सकाळी का आला नाहीस?"

"माझी पाळी दुपारची, साया."

"तुला सकाळची दिली."

"मला कुठे दिली, साया? ऊ नंदियना दिली. ते आता नाहीत."

ऊ बो टिन त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला होता, हसू आलं होतं, की दोन्ही, ते सांगता येणार नाही. ते त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"ऐक, थौंग न्युंत. मी नव्या वर्षाच्या दिवशी, मठात, बायकोसमोर भिक्षूला शब्द दिलाय. बरोबर?"

"होय, साया."

"तो शब्द मोडला तर पाप कोणाला लागेल?"

थौंग न्युंतनं बांबूची टोपी मांडीवर ओढली.

"कोणाला?"

"तुम्हाला, साया."

"मग तू मला पापात घालणार? माझ्या वडिलांनी तुला कामाला घेतलं ते यासाठी?"

थौंग न्युंतच्या चेहऱ्यावर खरी भीती उमटली. त्यानं घाईघाईनं हात जोडले. "नाही, नाही, साया. तसं कसं? उद्या पहाटे येतो."

"आणि आज हंडीपाशी जायचं नाही. कारखान्याच्या ट्रकमधून घरी जा."

हेही त्याला नाकारता आलं नाही. हिरवी सायकल ट्रकवर चढवली, तो ड्रायव्हरशेजारी बसला. पूल ओलांडताना तो काय बघत होता कोण जाणे.

त्यानंतर तो पहाटे जाऊ लागला. ऊन तापायच्या आत परत यायचा. त्याची तब्येत सुधारली, गालावर मांस आलं. मी निघायचो तेव्हा तो दारात बसलेला असे, समोर पाण्यातला गार भात, कैरीची कोशिंबीर, शेजारी दॉ म्या यीचा चिरुटांचा ट्रे. पहिल्या दिवशी त्यानं मला सायकल काढताना पाहिलं आणि हातातला घास ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी बाहेर आलो तर दारात नुसतं ताट होतं. तिसऱ्या दिवशीही.

मी दॉ म्या यीला विचारलं, "बरं नाही का त्याला?"

"ठणठणीत आहे. आत लपलाय." तिनं चिरुटाचं टोक थुंकी लावून चिकटवलं. "म्हणतो, पोरगा एकटा उन्हात चाललाय आणि मी त्याच्यासमोर भात खात बसू? कसं दिसतं ते? तू वळणापलीकडे गेलास की येतो बाहेर. तोवर याच्या भातावर माश्या हाकत मी बसायचं."

आतून खोकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून मी सायकल मागच्या दारानं काढू लागलो आणि विटांच्या भट्ट्यांकडून जाणारा रस्ता धरला. तो लांब पडतो आणि त्यावर एकही झाड नाही. पण तिकडून गेलं की त्याचं दार लागत नाही.